घराच्या कागदात ‘कॉकेशियन’ : सेंट लुईसच्या एका जुन्या कलमाबद्दल

नाशिकच्या एका निवृत्त गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा. त्यांची मुलगी आणि जावई मिझुरी राज्यात, सेंट लुईसजवळच्या एका जुन्या उपनगरात विटांचं घर घेत आहेत. कागदपत्रांत १९४१ सालच्या एका दस्ताची प्रत आली. त्यात ‘कॉकेशियन वंशाखेरीज कोणीही या जागेत राहणार नाही’ असं कलम आहे. मुलगी हसण्यावारी नेते, वडिलांची झोप उडाली आहे. हे कलम आपल्याला लागू होतं का? घर घ्यावं की नाही? आणि गुलामगिरी १८६५ साली संपली, कायदे झाले, तरी तिथे काळ्यांची वस्ती वेगळी आणि गोऱ्यांची वेगळी, हे अजून का?

काका, आधी झोपेचं बघू. ते कलम मेलेलं आहे. मुलीच्या मालकीला त्याने तसूभरही धक्का लागत नाही, घर खुशाल घ्या. बाकीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र एका ओळीत होणार नाही.

मी कोण, ते सांगते. पुण्यात मी वकिलांसाठी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सर्च घ्यायचे. इंडेक्स टूचे रजिस्टर उलटून तीस वर्षांचा शोध अहवाल काढायचा, हे काम. लग्नानंतर अमेरिकेत आले आणि गेली बावीस वर्षं तेच करते आहे, आधी शिकागोत, आता सेंट लुईसला. इथे त्याला टायटल एक्झामिनर म्हणतात. काम मात्र तेच : विकणाऱ्याच्या नावाने मागे मागे जायचं, कोणी कोणाला कधी विकलं, कुठे तारण होतं, ते सुटलं का, कुठे वारस राहून गेला का. फरक इतकाच की इथे सातबारा नाही. सरकार मालकी सांगत नाही, फक्त दस्त नोंदवून ठेवतं. मालकी कोणाची, हे त्या दस्तांच्या साखळीवरून आमच्यासारख्यांनी ठरवायचं आणि चुकलं तर भरपाई टायटल इन्शुरन्स कंपनीने द्यायची. तुमच्या मुलीला मिळालेल्या कागदात ‘शेड्यूल बी’ असेल. आपल्या सातबाऱ्यावरचा ‘इतर अधिकार’ रकाना समजा. त्या कलमाचा उल्लेख तिथेच आला असणार, आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरांत एक वाक्य असणार की वंश, वर्ण, धर्म वगैरेंवर आधारलेली कुठलीही अट यातून वगळली आहे. घर विकताना वा भाड्याने देताना वंशभेद करायला बंदी घालणाऱ्या १९६८ च्या फेअर हाउसिंग ॲक्टमुळे ते वाक्य छापावं लागतं.

मग मेलेलं कलम कागदात ठेवतातच कशाला? कारण साखळीतला दस्त फाडता येत नाही. पानच काढलं तर त्याच पानावरचा सांडपाण्याच्या नळाचा हक्कही जाईल. काही राज्यांनी आता सोय केली आहे. मिनेसोटात २०१९ पासून मालकाला असं कलम आपण नाकारतो म्हणून नोंद करता येते, कॅलिफोर्नियातही तशी पद्धत आहे. मला मिनेसोटाची रीत पटते : जुनं पान जागेवर आणि नकाराची नोंद त्याच्या शेजारी. खोडून टाकण्यावर माझा भरवसा नाही. खोडलं की पुढच्या पिढीला ते कधी नव्हतंच असं वाटायला लागतं.

ते पान मात्र एकदा पूर्ण वाचा, नुसतं ते एक कलम नको. सेंट लुईसमध्ये अशा वसाहतीच्या नियमांना ‘इंडेंचर’ म्हणतात आणि ते राबवणाऱ्या रहिवाशांना ‘ट्रस्टी’. मी पाहिलेल्या इंडेंचरांत यादी साधारण अशी चालते : घर रस्त्यापासून तीस फूट आत असावं. घराची किंमत अमुक हजार डॉलर्सच्या खाली नसावी. भिंती विटांच्या किंवा दगडाच्या. कत्तलखाना, दारूचं दुकान, साबणाचा कारखाना चालणार नाही. डुकरं, कोंबड्या पाळता येणार नाहीत. आणि त्याच ओळीत, त्याच शाईत, मध्ये फक्त एक अर्धविराम : कॉकेशियन नसलेल्या कोणाला विकता वा भाड्याने देता येणार नाही. बहुतेक ठिकाणी पुढे कंसात सवलतही असते, घरात राहणारे नोकर सोडून. म्हणजे हरकत काळ्या माणसाने छपराखाली झोपण्याला नव्हती. मालक म्हणून झोपण्याला होती. पहिल्यांदा मायक्रोफिल्मवर ही यादी वाचली तेव्हा मला कोंबड्यांच्या ओळीचा जास्त राग आला होता, का कोण जाणे.

आता तुमच्या मनातला खरा प्रश्न. आपण कोण? कॉकेशियन की आणखी काही? तुमची काळजी इथे हास्यास्पद नाही, कारण हा प्रश्न एकदा थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. भगतसिंग थिंद पंजाबचे, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. त्यांनी नागरिकत्व मागितलं. तेव्हा नागरिकत्व फक्त ‘गोऱ्या’ माणसांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळायचं. थिंद यांच्या बाजूने मांडणी अशी झाली की हा उच्चवर्णीय हिंदू आहे, आर्य आहे, म्हणजेच कॉकेशियन आहे. (थिंद शीख होते, पण तिकडे सगळे हिंदुस्थानी ‘हिंदू’.) काळ्यांच्या रांगेत उभं राहायचं नाही म्हणून जातीचा दाखला पुढे केला गेला. फेब्रुवारी १९२३ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. शास्त्रज्ञ काहीही म्हणोत, सामान्य अमेरिकन माणूस ज्याला गोरा म्हणतो तो गोरा, आणि हिंदुस्थानी त्यात बसत नाही, असा त्याचा मथितार्थ. या निकालानंतर ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं त्यांचंही काढून घ्यायला सुरुवात झाली. वैष्णो दास बगई हे सॅन फ्रान्सिस्कोतले दुकानदार. १९१५ मध्ये बायकोमुलांसह आलेले. बर्कलीला घर घेतलं तेव्हा शेजाऱ्यांनी कुलपं घालून त्यांना आत येऊ दिलं नव्हतं. पुढे नागरिकत्व गेलं, त्याबरोबर मालमत्तेचा हक्क अडचणीत आला, आणि १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या पत्नी कला बगई यांचं नाव आता बर्कलीतल्या एका रस्त्याला आहे. तेव्हा १९४१ साली त्या कागदावर ‘कॉकेशियन’ लिहिणाऱ्याने तुमच्या मुलीला घर दिलं असतं का? नसतं.

हे कलम मेलं कसं, त्याची गोष्ट तुमच्या मुलीच्या नव्या घरापासून गाडीने फार दूर नाही. ४६०० लॅबडी ॲव्हेन्यू, उत्तर सेंट लुईस. दोन मजली विटांचं साधं घर. आत जायचं काही नाही, पण बाहेरून बघून या म्हणावं.

या शहराने १९१६ साली सार्वमत घेऊन काळे-गोरे वेगळे राहतील असा ठराव केला होता. पुढच्याच वर्षी केंटकीतल्या लुईव्हिल शहराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे शहरी ठराव घटनाबाह्य ठरवले. मग उरला खासगी करार. सरकारने वाटणी करायची नाही ना, शेजाऱ्यांनी आपापसांत करायची. १९२६ मध्ये न्यायालयाने त्याला आडकाठी केली नाही आणि मग छापील नमुनेच निघाले. लॅबडीचा करार त्याहूनही जुना, १६ फेब्रुवारी १९११ चा. त्या पट्ट्यातल्या एकोणचाळीस मालकांपैकी तीस जणांनी सह्या केल्या. पन्नास वर्षं कॉकेशियन नसलेल्या कोणी इथे राहायचं नाही, ‘निग्रो किंवा मंगोलियन वंशाच्या’ लोकांनी मालक म्हणून नाही आणि भाडेकरू म्हणूनही नाही. आता गंमत बघा, हे निकालपत्रातच नोंदलेलं आहे : सह्या झाल्या तेव्हा त्या पट्ट्यातल्या सत्तावन्नपैकी पाच जागांचे मालक आधीच काळे होते आणि त्यातल्या एका घरात १८८२ पासून काळी कुटुंबं राहत होती. म्हणजे करार ‘शुद्ध’ वस्ती जपायला नव्हता. तशी वस्ती तिथे नव्हतीच, ती कागदावर तयार करायची होती.

१९४५ च्या ऑगस्टमध्ये जे. डी. आणि एथेल शेली या काळ्या जोडप्याने हे घर घेतलं. मिसिसिपीतून आलेले, सहा मुलं. कराराची त्यांना कल्पना नव्हती. त्याच करारात बांधलेल्या दुसऱ्या मिळकतीचे मालक, क्रेमर दांपत्य, दोन महिन्यांत कोर्टात गेले. मागणी काय, तर शेलींची मालकी काढून घेऊन ज्याने विकलं त्याच्या नावे परत करा. खालच्या कोर्टाने नकार दिला, कारण सगळ्या मालकांच्या सह्या नाहीत, करार पुरा झालाच नाही. अगदी आमच्या धंद्यातलं कारण! मिझुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवलं. शेलींचे वकील जॉर्ज वॉन हे स्वतः एका गुलामाचे पुत्र. ३ मे १९४८ रोजी वॉशिंग्टनमध्ये निकाल लागला, सहा विरुद्ध शून्य. नऊपैकी तीन न्यायमूर्ती बसलेच नाहीत. कारण त्यांनी नोंदवलं नाही, पण त्यांच्या स्वतःच्या घरांवर अशीच कलमं असावीत असं सर्रास मानलं जातं.

निकालाची मेख नीट समजून घ्या, कारण नंतरचं सगळं तिच्यावर उभं आहे. न्यायालय म्हणालं, खासगी माणसांनी आपापसांत असा करार स्वखुशीने पाळला तर तो बेकायदा नाही. पण तो मोडला म्हणून कोर्टाने कोणाला घराबाहेर काढलं तर ते सरकारचं कृत्य होतं आणि सर्वांना कायद्याचं समान संरक्षण देणाऱ्या घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीला ते चालत नाही. म्हणजे कलम लिहायला बंदी नाही, राबवायला बंदी. म्हणून १९४८ नंतरच्या दस्तांतही मला ते सापडतं. १९५३ मध्ये कलम मोडणाऱ्यावर नुकसानभरपाईचा दावा लावणंही बंद झालं. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ ला झाली आणि ११ एप्रिलला फेअर हाउसिंग ॲक्टवर सही झाली. त्याच वर्षी जूनमध्ये सेंट लुईस काउंटीतल्याच (काउंटी म्हणजे शहराबाहेरचा, जिल्ह्यासारखा भाग) दुसऱ्या एका जोडप्याचा, जोन्स यांचा, निकाल आला. बिल्डरने काळे म्हणून घर नाकारलं होतं. न्यायालयाने १८६६ चा नागरी हक्कांचा कायदा काढून दाखवला आणि म्हटलं, खासगी विक्रेत्यालाही हे तेव्हापासूनच मना होतं. एकशे दोन वर्षं तो कायदा पुस्तकात पडून होता.

आता तुमचा तिसरा प्रश्न. इथे माझं मत सांगते, सगळ्यांना पटेल असं नाही. लोक लाल नकाशाबद्दल फार बोलतात. १९३० च्या दशकात होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे काढले, हिरवा, निळा, पिवळा, लाल, आणि काळ्यांच्या वस्त्या लाल रंगवल्या. नकाशा दिसायला प्रभावी, म्हणून सगळीकडे छापतात. पण त्या कॉर्पोरेशनने काळ्यांनाही कर्जं दिली होती. माझ्या हातून गेलेल्या कागदांवरून सांगते, खरं नुकसान १९३४ ला निघालेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनने केलं. त्याआधी घरकर्ज म्हणजे निम्मी किंमत खिशातून आणि पाचेक वर्षांत फेड. या खात्याने बँकांना हमी दिली आणि किमतीच्या ऐंशी टक्के कर्ज वीस वर्षांच्या हप्त्यांवर मिळू लागलं. पुढे तीस वर्षं. अमेरिकेतला मध्यमवर्ग या हप्त्यावर उभा राहिला आहे. आणि त्या खात्याच्या मूल्यांकन पुस्तिकेत लिहिलं होतं की वस्तीवर वंशाची अट असलेली बरी, तारण सुरक्षित राहतं. बिल्डर मूर्ख नव्हते. हमी हवी, तर कलम घाला. डेट्रॉइटमध्ये १९४१ साली एका बिल्डरने काळी वस्ती आणि आपली नवी वसाहत यांच्यामध्ये सहा फूट उंच, सुमारे अर्धा मैल लांब भिंत बांधली, तेव्हा कुठे हमी मिळाली. भिंत अजून उभी आहे. नव्या कलमांना हमी नाकारायला खात्याने फेब्रुवारी १९५० उजाडू दिला, लॅबडीच्या निकालानंतर जवळजवळ दोन वर्षांनी. तोवर युद्धावरून परतलेल्या गोऱ्या सैनिकांची उपनगरं भरत आली होती.

म्हणजे शेजाऱ्याचा द्वेष हे अर्धंच कारण. द्वेषाला स्वस्त कर्ज जोडलं गेलं, म्हणून तो टिकला.

कर्ज न मिळणाऱ्यांनी काय केलं, ते मला शिकागोत कळलं. माझ्याबरोबर काम करणारी एक ज्येष्ठ काळी बाई होती, अनुक्रमणिका तिला तोंडपाठ. एकदा मी तिला विचारलं की वेस्ट साइडच्या या घराची साखळी विचित्र आहे, १९५८ ला एका गोऱ्या दलालाने घेतलं आणि मग बारा वर्षं काहीच नाही. ती म्हणाली, त्या बारा वर्षांत कोणीतरी तिथे राहत होतं, हप्ते भरत होतं. तुला ते दिसणार नाहीत, कारण त्यांच्या नावाचा कागदच नोंदला नाही. मग तिने आपल्या आईवडिलांचा पुडका दाखवला. रबर बँड सुकून कागदाला चिकटला होता. साठेखतासारखाच तो करार, ‘कॉन्ट्रॅक्ट सेल’. दलालाने घर जेवढ्याला घेतलं त्याच्या कितीतरी वर किंमत लावायची, ताबा द्यायचा, मालकी शेवटच्या हप्त्यापर्यंत स्वतःकडे ठेवायची. एक हप्ता चुकला की घर परत, भरलेले पैसे बुडाले, पुढचं गिऱ्हाईक तयार. शिकागोच्या नॉर्थ लॉन्डेलमध्ये हे इतकं चालायचं की १९६८ मध्ये तिथल्या खरेदीदारांनी ‘कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग’ काढून हप्ते भरणं थांबवलं. माझ्या मैत्रिणीच्या वडिलांनी दोन नोकऱ्या केल्या आणि एकही हप्ता चुकवला नाही. घर नावावर झालं ते १९७१ ला. त्या दिवसाचा दस्त मी तिच्यासाठी मायक्रोफिल्मवरून काढून दिला. तिला तो पाहायचा नव्हता, फक्त पानाचा नंबर हवा होता.

कायदा झाल्यावर तरी रेघा पुसल्या जायला हव्या होत्या. रेघांनी नाव बदललं. सेंट लुईस काउंटीत एक भाग होता, स्वतंत्र नगरपालिका नसलेला. तिथे चर्चच्या मंडळींनी मध्यम आणि कमी उत्पन्नाच्या, सर्व वर्णांच्या लोकांसाठी सदनिका बांधायचं ठरवलं. तेव्हा तिथली वस्ती जवळजवळ पूर्ण गोरी. लोकांनी घाईघाईने १९७० च्या ऑगस्टमध्ये ब्लॅक जॅक नावाची नगरपालिकाच स्थापन केली आणि ऑक्टोबरमध्ये नियम केला : नव्या सदनिका बांधायला बंदी, फक्त स्वतंत्र घरं. कुठेही वंशाचा शब्द नाही! केंद्र सरकारने खटला भरला आणि १९७४ मध्ये अपील कोर्टाने तो नियम रद्द केला, पण सदनिका काही त्या जागी वेळेत झाल्या नाहीत. आज ब्लॅक जॅकमध्ये बहुसंख्य लोक काळे आहेत, हा इतिहासाचा खट्याळपणा. गोरी कुटुंबं तिथून आणखी पुढे सरकली.

म्हणून तुमच्या जावयाला जो नकाशा दिसतो तो असा दिसतो. डेलमार नावाच्या रस्त्याच्या उत्तरेला काळी वस्ती, दक्षिणेला गोरी, आणि घरांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. शहर आणि काउंटी १८७६ मध्येच वेगळी झालेली. शहरात १९५० साली साडेआठ लाखांवर माणसं होती, २०२० ला तीन लाख. काउंटीत वीसहून अधिक शाळा-जिल्हे, आणि शाळेचा मोठा पैसा घरपट्टीतून. महाग घर, श्रीमंत शाळा, म्हणून आणखी महाग घर. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती (म्हणजे रांगेतल्या अगदी मधल्या कुटुंबाची) सुमारे २ लाख ८५ हजार डॉलर्स होती, काळ्या कुटुंबाची सुमारे ४५ हजार. यातलं पुष्कळसं आजोबांच्या घरातून आलेलं असतं, किंवा नसतं. आपण मराठी मंडळी १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर पदव्या घेऊन आलो, थेट चांगल्या शाळेच्या जिल्ह्यात उतरलो आणि मग पार्ट्यांमध्ये म्हणतो, ‘हे लोक पुढे का येत नाहीत?’ मीही म्हणत होते, शिकागोतल्या त्या पुडक्यापर्यंत.

आता कामाचं. मुलीला सांगा, क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पुरा होण्याच्या, आधी इंडेंचरची पूर्ण प्रत आणि नंतरच्या सगळ्या दुरुस्त्या मागून घे. वंशाचं कलम सोडून दे. तीस फुटांचं कलम आणि कुंपणाचं कलम मात्र वाच, कारण ती अजून जिवंत असू शकतात आणि ट्रस्टी त्यावरून पत्र पाठवतात. माझ्या ओळखीच्या एका मराठी जोडप्याने कुत्र्यासाठी पुढच्या अंगणात लाकडी कुंपण घातलं होतं. सहा महिन्यांनी १९३८ च्या कागदावर बोट ठेवून ते काढायला लावलं. त्याच पानावर, दोन ओळी खाली, ते घर त्यांना विकायला बंदी होती.

तुमच्या मुलीकडे कुत्रा आहे का?